खिडकीतली फाउंड्री

इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटला खोडरबराने भोक पाडणारा मी, आणि लिहायला बसलोय रुडॉल्फ फॉन आल्टवर! १८१२ साली व्हिएन्नात जन्मलेला हा चित्रकार इमारती रंगवायचा, तेही जलरंगात. तिथे खोडरबर चालत नाही, मित्रांनो.

वडील याकोब आल्ट चित्रकारच, त्यांच्याबरोबर हिंडत पोरगा शिकला. सेंट स्टीफन कॅथेड्रल आणि त्याचा १३६ मीटरचा मनोरा त्याने आयुष्यभर पुन्हा पुन्हा काढला. मनोरा तोच, भोवतीचं शहर मात्र बदलत गेलं. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफने जुना तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागी रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता आला. तट असतानाचं व्हिएन्ना तोवर आल्टच्या कागदांवर उतरलेलं होतं.

१८९७ मध्ये क्लिम्ट वगैरे मंडळींनी जुन्या कलासंस्थेशी फारकत घेऊन 'सेसेशन' काढलं. मानद अध्यक्ष कोण? तर ८४ वर्षांचे आल्टआजोबा!

मला मात्र त्याचं १९०३ चं चित्र सगळ्यात आवडतं. स्कोडागासे या गल्लीत, घराच्या खिडकीतून दिसणारी कित्शेल्टची लोखंडाची फाउंड्री. वय नव्वदीचं, हात थरथरणारा. म्हणून पूर्वीची काटेकोर रेषा गेली आणि रंगाचे बारीक ठिपके आले. पण मन लावलंय ते कॅथेड्रलइतकंच. आम्ही वर्कशॉपच्या फाउंड्रीत घड्याळाकडे बघत बसतो.

दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, व्हिएन्नातच आल्ट गेला.