आचार्य जगदीशचंद्र बसू आणि गॅलिनाचा खडा

मनगटावरील घड्याळाने नाडीचे ठोके मोजावेत, यात आता कोणास नवल वाटत नाही. घड्याळाच्या पाठीमागून निघणारा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो. रक्ताच्या प्रत्येक उसळीसरशी परत येणारा प्रकाश किंचित घटतो, आणि ही घट अर्धसंवाहकाचा एक इवलासा तुकडा टिपून घेतो. अंगावर वागवावयाच्या अशा संगणकांचे सारे मर्म या संवेदनशील द्रव्यांत आहे. अशा द्रव्यांच्या मागे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लागलेल्या एका भारतीय शास्त्रज्ञाचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. मुलास इंग्रजी शाळेत घालणे हेच प्रतिष्ठेचे लक्षण मानले जात असता त्यांनी त्यास बंगाली शाळेत घातले. तेथे कोळ्याचा मुलगा त्याचा सोबती होता, आणि पाण्यातील जीवांच्या गोष्टी तो त्याच्याकडून ऐके. हिंदीभाषक राज्यात राहून मराठी शाळेत शिकणाऱ्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांना ही हकीकत परकी वाटू नये.

पुढे कलकत्ता व केंब्रिज येथे शिकून १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. हिंदी प्राध्यापकास इंग्रजांहून कमी वेतन, हा तेथील नियम. जगदीशचंद्रांनी तक्रारीचे अर्ज करीत न बसता वेतनच नाकारले, आणि तीन वर्षे शिकविण्यात कसूर केली नाही. अखेर सरकारने मागील बाकीसह पूर्ण वेतन दिले.

प्रयोगशाळा म्हणजे एक लहानशी खोली, उपकरणे बव्हंशी स्वतः घडविलेली. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत कथिलाचे वर्ख घालून त्यांनी विद्युल्लहरींच्या ध्रुवीकरणाचे साधन बनविले! सुमारे अर्ध्या सेंटिमीटरच्या लहरी त्यांनी उत्पन्न केल्या, आणि कलकत्त्यात भिंतीपलीकडे त्या पाठवून घंटा वाजवून दाखविली.

लहर आल्याचे ओळखावे कसे, ही खरी अडचण होती. त्या काळी काचेच्या नळीत लोखंडाचा कीस भरीत. लहर येताच कण एकमेकांस चिकटून वीज वाहू लागे, परंतु पुढच्या लहरीसाठी नळीस टिचकी मारावी लागे. जगदीशचंद्रांनी शिसे व गंधक यांच्या संयोगाने बनलेले गॅलिना हे खनिज घेतले. त्यावर धातूचे टोक टेकविले असता तो खडा लहरीस, किंबहुना प्रकाशासही, प्रतिसाद देई. पेटंट घेण्याची त्यांना मुळीच हौस नव्हती; स्नेह्यांच्या आग्रहाने १९०१ मध्ये अर्ज झाला आणि १९०४ मध्ये अमेरिकेने पेटंट दिले. अर्धसंवाहक उपकरणाच्या अगदी पहिल्या पेटंटांत त्याची गणना होते. त्यापासून धन मिळविण्याचा विचारही त्यांनी केला नाही.

सतत वापराने आपले ग्राहक यंत्र मंदावते व विसाव्यानंतर पुन्हा तरतरीत होते, हे पाहून धातूही थकतो असे त्यांनी प्रतिपादिले. सजीव-निर्जीवांच्या साम्याविषयीचे त्यांचे सर्वच निष्कर्ष शास्त्राने स्वीकारले नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. तथापि तेथूनच ते लाजाळूसारख्या वनस्पतींकडे वळले. त्यांचे क्रेस्कोग्राफ यंत्र रोपट्याची क्षणाक्षणाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवी. संत्र्याच्या बागांत वावरणाऱ्या आमच्या वाचकांस याचे मोल वेगळे सांगावयास नको.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यास बसू विज्ञान मंदिर स्थापिले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांनी वापरलेल्या अर्ध्या सेंटिमीटरच्या लहरींनीच आज काही उपकरणे, शरीरास स्पर्श न करता, निजलेल्या माणसाचा श्वास मोजतात.