पक्ष, साध्य, सिद्धता : काशीच्या पंडितांना भूमिती शिकवणारे मराठमोळे बापूदेव शास्त्री

दहावीची भूमितीची वही आठवा. वर आकृती, खाली पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण. उत्तर बरोबर असलं तरी कारण लिहिलं नाही की मार्क गेले. शाळा हुपरीची असो नाहीतर नागपूरची, प्रमेय म्हटलं की पोरं पाठांतराच्या मागे लागतात.

पण दिसतंय तर खरं, मग सिद्ध कशाला करायचं?

हा प्रश्न एका मराठी माणसाने आयुष्यभर अंगावर घेतला. त्यांचं नाव बापूदेव शास्त्री.

बापूदेवांचा जन्म १८२१ सालचा. मूळ नाव नृसिंह. घराणं नगर जिल्ह्यातल्या गोदावरीकाठच्या टोके गावचं. शिक्षण झालं नागपुरात. तिथे मराठी शाळेत गणित शिकले आणि भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणितही त्यांनी तिथेच अभ्यासलं.

या हुशार पोरावर लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याची नजर पडली. हा भोपाळ संस्थानात पोलिटिकल एजंट होता आणि सिहोरला त्याने पाठशाळा चालवली होती. पृथ्वी गोल आहे हे लोकांना युरोपचे दाखले देऊन नाही, तर भास्कराचार्यांचेच ग्रंथ दाखवून पटवायचं, असं त्याचं डोकं. १८३८ मध्ये तो बापूदेवांना सिहोरला घेऊन गेला. तिथे ते सिद्धांतज्योतिष आणि रेखागणित, म्हणजे युक्लिडची भूमिती शिकले.

युक्लिड भारतात नवा नव्हता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या दरबारातल्या जगन्नाथ पंडितांनी तो अरबीतून संस्कृतमध्ये आणला होता. पण ग्रंथ असणं वेगळं आणि तो वर्गात शिकवणं वेगळं.

१८४२ मध्ये बापूदेव बनारसच्या संस्कृत कॉलेजात रेखागणिताचे शिक्षक झाले. वय अवघं विशीचं. समोर बसायची ती काशीची संस्कृत शिकणारी मुलं.

आता रेखागणितात वेगळं काय होतं ते साध्या उदाहरणाने बघू.

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. शंभर त्रिकोण काढा, कोनमापक लावा. कुठे १७९ येईल, कुठे १८१. शंभर त्रिकोण मोजले तरी एकशेएकावा कसा निघेल याची खात्री नाही. आता त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. पायाचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन म्हणून वर जसेच्या तसे मिळतात. शिरोबिंदूचा कोन त्यांच्या मध्ये बसतो आणि तिघांचा मिळून सरळ कोन होतो. झाले १८०. आता एकही त्रिकोण मोजायची गरज नाही, कारण जगातल्या सपाट कागदावरचा प्रत्येक त्रिकोण यात आला.

याला म्हणतात सिद्धता. कारण सांगायची पद्धत आपल्याकडेही होती. भास्कराचार्यांच्या परंपरेत तिला उपपत्ती म्हणतात. युक्लिडची खासियत अशी की आधी सिद्ध झालेल्या गोष्टीवरच पुढची उभी करायची, मधली पायरी गाळायची नाही.

आणि गंमत बघा. पक्ष आणि साध्य हे शब्द मूळ न्यायशास्त्राचे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. यात डोंगर हा पक्ष, आग हे साध्य आणि धूर हा हेतू. भूमितीच्या वहीत पक्षाचा अर्थ ‘दिलेली माहिती’ असा झाला, पण शब्द तोच राहिला. बापूदेवांच्या काळात कॉलेजचे प्राचार्य असलेले जेम्स बॅलंटाइनही पाश्चात्त्य तर्कशास्त्र न्यायशास्त्राच्या भाषेतच पंडितांपुढे मांडत होते. म्हणजे त्या कॉलेजात तर्क आणि भूमिती शेजारी शेजारी नांदत होते.

बापूदेवांनी संस्कृतमध्ये रेखागणितावर आणि त्रिकोणमितीवर लिहिलं. हिंदीत बीजगणित लिहिलं. सूर्यसिद्धांताचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १८६१ मध्ये कलकत्त्याहून निघालं.

पण खरी परीक्षा वर्गाबाहेर झाली.

१८५८ मध्ये त्यांनी लेख लिहून दावा केला की भास्कराचार्यांना कलनशास्त्र, म्हणजे आजचं कॅल्क्युलस माहीत होतं. त्यावर विल्यम स्पॉटिसवूड या इंग्रज गणितज्ञाने उत्तर दिलं. भास्कराचार्यांची रीत कलनाच्या जवळ जाते हे त्याने मान्य केलं, पण पूर्ण शास्त्र होतं म्हणणं जरा जास्त होतंय, असं त्याचं मत पडलं. पोरांकडे कारण मागणाऱ्या मास्तरांकडेच आता कारण मागितलं गेलं. सिद्धतेचा नियम असाच असतो, तो माणूस बघत नाही.

दुसरा वाद पंचांगाचा. जुन्या कोष्टकांवरून काढलेलं गणित आणि आकाशात दिसणारे ग्रह यांचा मेळ बसेनासा झाला होता. बापूदेवांनी आधुनिक वेधांशी जुळणारं पंचांग काढायला सुरुवात केली. इकडे महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रेही तेच करत होते. पण तिथी बदलली की व्रत बदलतं, सण बदलतो. परंपरेचं काय, म्हणून विरोध झाला. ग्रंथात लिहिलंय ते खरं की डोळ्यांना दिसतं ते खरं, हा तो झगडा होता.

सरकारने त्यांना १८७८ मध्ये सीआयई आणि १८८७ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी दिली. १८९० मध्ये ते वारले. त्यांच्या जागी आलेले सुधाकर द्विवेदी पुढे स्वतः नामवंत गणिती झाले. ते संस्कृत कॉलेज आज संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं.

भूमितीचं प्रमेय पुढे आयुष्यात कुठे वापरलं, असं बरेच जण विचारतात. त्रिकोण नसेल वापरला. पण व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज फॉरवर्ड करण्याआधी, यातलं पक्ष काय, साध्य काय आणि कंसातलं कारण कुठंय, एवढं विचारलं तरी बापूदेवांचा तास वाया गेला नाही म्हणायचं.