डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. संग्रहणीने त्यांच्या भावांचा बळी घेतला; त्या काळी या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना त्यांनी खादीचा अंगीकार केला. ही गोष्ट इंग्रज प्राध्यापकांना रुचली नाही आणि सुब्बारावांना दुय्यम पदवीवर समाधान मानावे लागले. पुढे ते अमेरिकेत बॉस्टनला गेले. रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करत त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात संशोधन केले.

१९४० साली ते न्यूयॉर्कजवळील लेडर्ले प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४५ साली फोलिक आम्ल हे जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या तयार झाले. संग्रहणी आणि रक्तक्षय यांच्या रुग्णांना त्याचा लाभ झाला.

मात्र हेच जीवनसत्त्व रक्ताच्या कर्करोगाला बळ देते, असे बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांच्या लक्षात आले. तेव्हा सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी फोलिक आम्लासारखी दिसणारी, परंतु त्याचे कार्य रोखणारी द्रव्ये बनवली. ॲमिनोप्टेरिन हे त्यांपैकीच एक. कर्करोगाची काही औषधे पेशीतील डीएनएला थेट इजा करतात, तर काही पेशीविभाजनाची यंत्रणा बंद पाडतात. हे औषध मात्र पेशीला फसवते. पेशी ते पोषक द्रव्य समजून आत घेते. मग ते एका आवश्यक विकराला चिकटून बसते. नवा डीएनए तयार होत नाही आणि विभाजन थांबते. अस्थिमज्जा, आतडे यांतील निरोगी पेशीही वेगाने विभागत असल्याने त्यांनाही झळ पोचते.

जून १९४८ मध्ये फार्बर यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ बालरुग्णांपैकी १० जणांत सुधारणा दिसली होती. ती तात्पुरती होती. तरीही असाध्य मानलेला रोग औषधाने मागे हटू शकतो, हे प्रथमच दिसून आले. दोनच महिन्यांनी, वयाच्या ५३ व्या वर्षी सुब्बाराव यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले.

त्याच प्रयोगशाळेत तयार झालेले मेथोट्रेक्सेट हे औषध मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरले जाते. ते घेणाऱ्या अनेकांना सुब्बारावांचे नाव ठाऊक नसते. त्यांचे कार्य मात्र त्या रुग्णांपर्यंत रोज पोचत असते.