रमाबाई आणि मुक्तीतील अंध भगिनी

पंडिता रमाबाई ठाऊक नाहीत असा मराठी ख्रिस्ती वाचक विरळा; पण त्यांना ऐकू कमी येत असे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सन १८५८ मध्ये आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. परंतु बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढे दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्तीत आल्या. त्यांत अंधही होत्या. रमाबाई त्यांना केवळ अन्नवस्त्र देऊन थांबल्या नाहीत. त्यांची कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकल्या. त्यांनी शिकवल्यावर या भगिनी बोटांनी शास्त्र वाचू लागल्या, हातकाम करू लागल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूठायी विसावल्या.

अपंगांसाठी आपल्या देशात १९९५ मध्ये कायदा झाला. २०१६ मध्ये त्याची जागा अधिक व्यापक हक्कांच्या कायद्याने घेतली. परंतु कायदा मुलाचा हात धरून त्याला वर्गात आणीत नाही. हुबळी-धारवाडचे नवनगर असो वा दुसरे गाव, शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी आपली हजेरी पाहावी. वस्तीतील अंध, बहिऱ्या, पांगळ्या मुलांची नावे तीत आहेत काय? नसतील, तर त्यांना बोलावण्यास कोण गेले होते?