ऑडी मर्फी : न संपलेलं युद्ध

वॉर पिक्चरमध्ये हीरोला गोळी लागते, पट्टी बांधली जाते आणि पुढच्या सीनमध्ये तो एकदम ठणठणीत! मला आज सांगायचंय एका खऱ्या हीरोबद्दल. त्याचं नाव ऑडी मर्फी.

टेक्सासमधल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात तो जन्मला. वडील घर सोडून गेले. शाळा सोडून तो कापूस वेचू लागला. १९४१ मध्ये आई वारली आणि १९४२ मध्ये वय वाढवून सांगत हा किरकोळ अंगाचा पोरगा अमेरिकन सैन्यात भरती झाला.

इटलीच्या मोहिमेत मलेरियाने त्याला पुन्हा पुन्हा गाठलं. १९४४ मध्ये फ्रान्समध्ये कमरेखाली गोळी लागली, जखमेत गँगरीन झालं. त्यातून उठून तो परत आघाडीवर गेला. २६ जानेवारी १९४५ ला होल्ट्झविर गावाजवळ पेटलेल्या रणगाडाविरोधी गाडीवर चढून त्याने जवळपास तासभर एकट्याने मशीनगन चालवली आणि जर्मन हल्ला थोपवला. यासाठी त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं.

पुढे तो हॉलिवूडचा स्टार झाला. १९५५ च्या 'टू हेल अँड बॅक'मध्ये त्याने स्वतःचाच रोल केला. पण शरीराचं काय? १९४७ च्या वैद्यकीय तपासणीत डोकेदुखी, उलट्या आणि युद्धाची भयानक स्वप्नं नोंदलेली आहेत. रात्री झोप नाही, उशाखाली भरलेलं पिस्तूल! झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं. साठच्या दशकात स्वतःला हॉटेलच्या खोलीत कोंडून घेऊन त्याने ते सोडलं.

या आजाराला पीटीएसडी हे अधिकृत नाव मिळालं १९८० मध्ये. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, पण अॅक्सिलरेटर दाबलेलाच, तसं हे शरीर. धोका टळला तरी ते सावधच राहतं. मग झोप, पोट, रक्तदाब सगळंच बिघडतं. अशा माजी सैनिकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाणही जास्त आढळतं.

त्या काळात असं काही बोलणं म्हणजे भित्रेपणा समजला जाई. मर्फी मात्र स्वतःच्या त्रासाबद्दल उघडपणे बोलला. कोरिया आणि व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर नीट उपचार व्हावेत, असा त्याने सरकारकडे आग्रह धरला.

२८ मे १९७१ ला विमान अपघातात तो गेला. १९७३ मध्ये सॅन अँटोनियोच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलला त्याचं नाव देण्यात आलं. त्याच्या सगळ्या पदकांपेक्षा मला हाच सन्मान मोठा वाटतो.