नायगावची पत्रे

सावित्रीबाई फुले यांच्याविषयी लिहायचे म्हटले, की सारे जण पुण्याच्या भिडेवाड्यापासून सुरुवात करतात. मी नायगावपासून करणार आहे, आणि त्याला कारण आमच्या घरातली एक पत्र्याची ट्रंक आहे.

माझे गाव शिराळा तालुक्यातले. हा मुलूख पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. आमच्याकडची निम्मी पुरुषमाणसे पोटासाठी मुंबईला असत. आजोबाही गिरणीत होते. त्यांची पत्रे आजीने ट्रंकेत जपून ठेवली आहेत. आजीला अक्षरओळख नाही. पत्र आले, की ते घेऊन गल्लीतल्या एका शिकलेल्या गृहस्थांकडे जायचे, चारचौघांत उभे राहून ऐकायचे आणि उत्तरही त्यांनाच सांगायचे. नवऱ्याने बायकोला काय लिहिले, हे तिच्याबरोबर साऱ्या गल्लीला कळे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती पत्रे आजीला वाचून दाखवत होते. १९७० सालच्या एका आंतरदेशीय पत्रात आजोबांनी लिहिले होते, की थोरलीला यंदा शाळेत घाल, पाटी-दप्तराचे पैसे वेगळे पाठवतो. आजीने मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. ती ओळ तिने कधी ऐकलीच नव्हती! वाचणाऱ्याने मुद्दाम गाळली, की घाईत राहून गेली, हे आता कोण सांगणार? थोरली म्हणजे माझी आत्या. ती गुरांमागे गेली. आजोबांना वाटले, बायकोने ऐकले नाही. पुढे जत्रेला ते घरी आले, तेव्हाही दोघांपैकी कोणी तो विषय काढला नाही.

सुट्टी संपवून साताऱ्याला वसतिगृहावर परतले, ती ही गोष्ट डोक्यात घेऊनच. ग्रंथालयातून सावित्रीबाईंचे चरित्र आणले, त्यांची पत्रे आणली. तोवर माझ्या लेखी त्या म्हणजे ३ जानेवारीला हार घालायचा फोटो, एवढेच!

सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्याच्या. शिरवळजवळच्या नायगावी, ३ जानेवारी १८३१ रोजी, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणी शिरवळच्या बाजारात कोणा मिशनऱ्याने त्यांना एक पुस्तक दिले आणि वाचता येत नसतानाही त्यांनी ते जपले, अशी आठवण सांगतात. १८४० साली लग्न झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, म्हणजे सासरचे मूळही साताऱ्याचेच. पाटी हातात आली ती लग्नानंतर. नवऱ्याने बायकोला शिकवावे, हीच त्या काळी जगावेगळी गोष्ट होती.

१८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि कालची विद्यार्थिनी आज शिक्षिका झाली. त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेत सेनेका फॉल्स या गावी स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली होती. तिकडे मताच्या हक्काचा ठराव झाला, इकडे अजून मुळाक्षरे गिरवायची होती. शाळेच्या वाटेवरचे शेण, चिखल आणि पिशवीतले दुसरे लुगडे ही हकिकत आपणा सर्वांना पाठ आहे, म्हणून मी तेथे थांबत नाही. मला जास्त लागते ते १८४९ साल. त्या वर्षी लोकांच्या दडपणाखाली सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले. रस्त्यावरच्या माणसाचा दगड चुकवता येतो, घरच्या माणसाचे काय करायचे?

याच प्रश्नाशी नायगावचे पहिले पत्र येऊन भिडते. १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारी होत्या, म्हणून माहेरी राहिल्या होत्या. तेथून १० तारखेला त्यांनी जोतीरावांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. भावाने आजारपणात जिवापाड सेवा केली, हे त्या आधी सांगतात. शाळेचा भार एकट्या फातिमा शेख यांच्यावर पडला असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास व्यक्त करतात. मग भावाशी झालेला वाद येतो. तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी खपता, जातीने तुम्हांला वाळीत टाकले ते योग्यच झाले, रूढीप्रमाणे वागा, असे तो म्हणाला. सावित्रीबाईंनी त्याला विचारले, की शेळ्या-गाई तू मायेने कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि आपल्यासारख्याच माणसाचा तुला विटाळ होतो तो कसा?

हे वाचताना मी पुस्तक मिटून क्षणभर बसले. शिराळ्याच्या मुलीला नागपंचमी काय असते, ते निराळे सांगायला नको. तो भाऊ मला आमच्याच गल्लीतला वाटला. तो दुष्ट नव्हता. बहिणीच्या उशाशी बसून त्याने रात्री काढल्या होत्या. शेवटी तो वरमला, आईला लेकीचा अभिमान वाटला, आणि हे सारे पुण्याला कळवायला सावित्रीबाईंना कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. मधली एक ओळही गळाली नाही.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे, तेही नायगावहूनच. गणेश नावाच्या ब्राह्मण तरुणाचे शारजा या महार मुलीवर प्रेम होते आणि ती गरोदर होती. गाव दोघांचा जीव घ्यायला निघाले. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला, आणि त्या दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले. माहेरवाशिणीने साऱ्या गावाला अडवायचे! मी आमच्या गावात असे करू शकेन का? प्रामाणिकपणे सांगायचे, तर अजून नाही.

बाकीचे आयुष्य भराभर सांगते, कारण ते पाठ्यपुस्तकांत आहे. १८५४ चा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह, १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ चा सत्यशोधक समाज, पुढच्या वर्षी दत्तक घेतलेला यशवंत. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. यशवंतने हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. मुलगा वाचला. त्यांना मात्र प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

हा सारा जुना काळ झाला म्हणावे, तर अफगाणिस्तानात २०२१ पासून सहावीच्या पुढे मुलींना शाळेचे दार बंद आहे. आणि आमच्या घरात आत्या आहे.

या ३ जानेवारीला मी तिला नायगावला घेऊन गेले. सावित्रीबाईंच्या जन्मघरापाशी खूप गर्दी होती, शाळांच्या मुलींच्या रांगा होत्या. आत्या उंबऱ्याला हात लावून आली, काही बोलली नाही. परतताना शिरवळला एस.टी.ची वाट पाहत उभ्या होतो, तेव्हा तिने भावाच्या पत्राची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मी सांगत राहिले. सातारची गाडी उशिराने आली. पाटी वाचून मी म्हटले, हीच गाडी, चला.