लक्ष्मीबाई टिळक : हळूहळू वाढलेला विश्वास

बाप्तिस्मा होऊन वर्ष लोटले तरी एखादा भाऊ जुन्या चाली सोडीत नाही; एखाद्या घरी पती प्रभूचा झाला, पण पत्नी दूरच राहते. असे पाहून आपले उपदेशक खिन्न होतात. त्यांनी लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र ध्यानात आणावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे झाला. त्यांच्या वडिलांचे सोवळे अतिशय कडक असे. त्याच वळणात त्या वाढल्या व लहानपणीच नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. वाचता वाचता त्यांचे मन पालटत गेले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या आपल्या नातलगांत राहिल्या.

काही वर्षांनी त्या पतीकडे नगरास आल्या, परंतु अन्नपाण्याचा विटाळ त्यांनी सोडला नाही. टिळक स्वभावाने तापट. तरी आपल्या विश्वासाची सक्ती त्यांनी पत्नीवर केली नाही. पुढे राहुरीस असता लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला, की जातिभेद देवाने केला की मनुष्याने? त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या बाप्तिस्म्यास तेव्हा पाच वर्षे झाली होती.

उशिरा उगवलेले हे बीज वरवरचे नव्हते. अनेक निराश्रित मुलांस त्यांनी मातेप्रमाणे वाढविले. १९१९ साली टिळक प्रभूकडे गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य जेमतेम दहा अध्यायांपर्यंत आले होते. ज्या पत्नीने एके काळी ख्रिस्ताच्या नावाने अश्रू ढाळले, तिनेच पुढे चौसष्ट अध्याय रचून ते पूर्ण केले. १९३६ साली त्यांचा अंत झाला.

बंधूंनो, आपल्या चांदा-गडचिरोलीच्या रानात बांबूचा कोंब एका पावसाळ्यात उंच होतो. सागास मात्र कित्येक वर्षे लागतात. म्हणून कोणी सागाचे रोप उपटून त्याची मुळे पाहत नाही. आपल्या मंडळीतील मंद पावलांच्या भावास शिकवा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या घरी जाणे सोडू नका. वाढ देणारा प्रभू आहे.